मोठ्या कुकरचं भांडं

काय सांगू बायांनो, पोरं घरी होती तेव्हाच्या मोठ्या, विजेवरच्या भाताच्या कुकरच्या आतल्या भांड्याचा न चिकटणारा थर निघाला, म्हणून आम्ही दोघं बीडला गेलो. आमचे हे दुकानदाराला म्हणाले, "लहानच द्या. पोरगा, सून, नातवंडं समदे पुण्याला. दोघंच हाव आता."

दुकानदार हसला, "काका, भांडं कुकरच्या मापाचं लागतंय, माणसांच्या न्हाई."

मी मनातच गणपतीला हात जोडले. पोरं घरी यावीत म्हणूनच तर संकष्टी धरते मी.

त्या संकष्टीला नव्या भांड्यात नैवेद्याचा भात लावायला घेतला. दोघांपुरत्या तांदळानं बूडसुद्धा झाकेना. हे बघतच राहिले. एरवी कधी फोन न करणारा माणूस, पण त्यांनीच पोराला फोन लावला, "तुझ्या आईनं लई मोठं भांडं आणलंय. कवा येताव रे समदे?"