भेंडीच्या चिकात

अराबा: हलू नकोस गं! दोरा सोडवतेय, बकरी नाही सोलत.

मान्सा: मग ओढू नकोस ना. आज नुसता स्पर्श केला तरी केस हातात येतायत.

अराबा: येतीलच. आठवडाभर काळ्या दोऱ्यात गुंडाळून ठेवलेस. त्यात मावशीचा हात! दोरा असा आवळते की बोकडाचे पाय बांधावेत.

मान्सा: आईला काही बोलायचं नाही हं. शाळा संपल्यापासून केस वाढवतेय मी, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती आपणहून म्हणाली, "ते भेंडीच्या चिकाचं भांडं आण इकडे, मी लावते." मला रडूच यायचं बाकी होतं.

अराबा: सांगून झालंय, बाई. सगळ्या गल्लीला सांगून झालंय. बरं, आता पाणी मारते. उद्याचं काय ठरलं? मागे गोळा आणि त्यात मणी?

मान्सा: गोळा नाही, मणी नाही. मोकळे. एवढे मोठ्ठे की दारातून येताना मला आडवं व्हावं लागेल. एबोच म्हणालाय, आमच्या आत्याला दिसू दे कोणाशी गाठ आहे ती.

अराबा: एबोला म्हणायला काय जातंय? उद्या तुला मागणी घालायला दार ठोठावतील तेव्हा तो खाली मान घालून बसणार. बोलणार त्याची आत्या. मागणीच्या दारूच्या बाटल्या पुढे करणार आत्या. तुला वरून खालून न्याहाळणार तीपण आत्याच. आणि... थांब जरा.

मान्सा: काय झालं?

अराबा: काही नाही. अजून थोडं पाणी मारते.

मान्सा: अगं, डोळ्यात! झाडाला पाणी घालतेयस का?

अराबा: मान्सा, तुझे केस आक्रसत नाहीयेत.

मान्सा: म्हणजे?

अराबा: म्हणजे आक्रसत नाहीयेत! पाणी लागलं की कसे टुणकन वर पळतात, खांद्यावरचे कानाशी येतात? हे बघ. लोंबतायत नुसते.

मान्सा: दोऱ्यानं ताणले असतील.

अराबा: दोऱ्याचा ताण पाणी लागेपर्यंत. पाण्यापुढे कसला ताण? घे, आरसा घे.

मान्सा: नाही... नाही, अराबा. हे माझे नाहीत. वेटोळी कुठे गेली माझी? इथे, कपाळावर, ती एक बारीक वेटोळी होती, कायम डोळ्यात यायची ती...

अराबा: ओढू नकोस. तुटतायत.

मान्सा: तू काय घातलंस त्या चिकात?

अराबा: मी?

मान्सा: मग कोण! भेंड्या तू उकळल्यास, गाळल्यास तू. सगळे शोध तुलाच लागतात. आंबलेलं तांदळाचं पाणी लावलंस, चार दिवस चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. अवोकाडो लावलास, महिनाभर डोक्यातून हिरवे गोळे पडत होते. मी कधी बोलले? हसून सोडून दिलं. पण हे...

अराबा: अगं, भेंडी, कोरफड, शियाच्या बियांचं लोणी आणि लवंगेच्या तेलाचे दोन थेंब. तुझ्यासमोर तर केलं.

मान्सा: मग हे काय आहे? काय आहे हे?

अराबा: तू बोलून घे हवं तेवढं, मी ऐकते. पण आधी माझ्या डोक्यावर पाणी मार. मार ना! त्याच पातेल्यातला अर्धा चीक मी घरी नेला होता. मीपण काल रात्रीपर्यंत लावून ठेवला होता. मार.

मान्सा: घे, मारलं.

अराबा: बघ. झालं की नाही लगेच मेंढरू? आता शांतपणे सांग. लावल्यावर तुला काही झालं होतं?

मान्सा: चुरचुरलं. आई म्हणाली, लवंगेनं होतं तसं.

अराबा: दोन थेंबांनी? बरं, आणि वास?

मान्सा: उग्र होता जरा. तिनं खिडक्या उघडल्या. आणि हातांत पिशव्या घातल्या होत्या, प्लॅस्टिकच्या. हात झोंबतात म्हणाली.

अराबा: मावशीचे हात झोंबतात? जी बाई उघड्या हातानं मिरच्या कुटते आणि त्याच हातानं डोळे पुसते, तिचे?

मान्सा: तसं नको बोलूस.

अराबा: मी कुठे काय बोलले?

मान्सा: तिनं असं नाही करायचं, अराबा. लावताना प्रार्थनेतलं गाणं गुणगुणत होती ती. मध्येच थांबून माझ्या मानेवर फुंकर घातली. लहानपणी घालायची तशी. मी डोळे मिटून बसले होते गं.

अराबा: आली बघ ती. मी काही बोलत नाही. तूच विचार.

(आई केंकीची, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उंड्यांची टोपली आणि तळलेल्या माशांचा पुडा घेऊन आत येते.)

आई: काय ऊन तापलंय! शेजारची ती एस्सुमानची बाई उद्यासाठी खुर्च्या देते म्हणाली, पण चादरी आपल्याच. अराबा, हे मासे झाक, मांजर टपलंय. अगंबाई, सोडलेस का केस? वा! किती छान खांद्यावर आलेत.

मान्सा: ओले आहेत ते, आई.

आई: असू देत. वाळतील.

मान्सा: ओले आहेत आणि खांद्यावर आलेत.

आई: मग चांगलंच आहे की. तुमच्या भेंडीला गुण आला म्हणायचा. मी उगाच नावं ठेवत होते.

अराबा: मावशी, भेंडीनं केस मऊ होतात. सरळ होत नाहीत.

आई: तुला कोणी विचारलं? पाहुणी आहेस, मासे झाक.

मान्सा: आई, चिकात काय घातलंस?

आई: मी कशाला काय घालू? तुमचे ते काढे, तुमची ती पातेली. माझ्या चांगल्या पातेल्याला अजून कोरफडीचा वास येतोय. कालच कालवणाला...

मान्सा: आई.

आई: हे असं बघू नकोस माझ्याकडे. उद्या पाहुणे यायचेत. घरात आनंदाचा दिवस, आणि तू केसांचं काय घेऊन बसलीस?

मान्सा: सरळ करायचं क्रीम घातलंस ना? ज्यानं तुझे गेले, तेच?

आई: थोडंसं. अगदी थोडं! अर्ध्याहून जास्त भेंडीच होती. म्हटलं, जरा नरम पडतील. फणी फिरेल एवढे. एवढे सपाट होतील असं मला काय माहीत? ओरड हवं तर.

मान्सा: मी नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाहीस.

आई: विचारलं असतं तर लावू दिलं असतंस का?

अराबा: केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा कापतात होय!

आई: तू गप्प बस गं! तुला मुलगी झाली की मग बोल. तीन बहिणींत ही धाकटी. दोघींची लग्नं मी कशी केली मला ठाऊक. आता ही शिकलेली, पगारदार, आणि डोक्यावर हे एवढं रान. एबोच्या घरच्या त्या ताकोराडीच्या बायका माझ्या दारात उभ्या राहणार, आणि पहिलं काय बघणार? तिचा पगार?

मान्सा: माझ्या डोक्याचं मी बघून घेतलं असतं.

आई: तुझं तू बघतेस, बोलणी मी खाते. "मुलगी शेतातून तशीच उठून आली का?" हे कोणाला ऐकवतात? आईला. माझ्या वेळी माझ्या सासूनं पहिल्याच दिवशी पदरचं क्रीम माझ्या हातात ठेवलं होतं. सगळ्यांसमोर! तुला ते दिवस दिसू नयेत म्हणून केलं मी.

मान्सा: आणि तुझं काय झालं त्यानं? काढ तो केसांचा टोप. कानशिलावर बघ किती उरलेत ते. झोपतानासुद्धा डोक्याला फडकं बांधतेस, बाबांनाही दिसू देत नाहीस. तेच माझं करायचं होतं?

आई: मान्सा!

मान्सा: लागलं ना? मलाही लागलंय. तू भांडणात कापले असतेस तर मी रडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि संपलं असतं. तू माझे लाड केलेस, आई. लाड करता करता केलंस. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, माझी आई बदलली, माझी आई बदलली!

आई: रडू नकोस. अगं, वाईट दिसत नाहीयेत खरंच. जरा इकडे वळ. बाजूला भांग पाडला आणि असे पुढे घेतले की थेट त्या फोटोतल्यासारखे दिसतील. एबोला आवडतात ना, तसेच.

मान्सा: कुठला फोटो?

आई: कुठला म्हणजे... असाच.

मान्सा: एबोला कसे केस आवडतात ते तुला कधी सांगितलं त्यानं?

आई: मी आपलं म्हटलं. पुरुषांना काय, सगळ्यांना तेच आवडतं.

अराबा: मावशी, मासे झाकलेत. आता सांग.

आई: आला होता तो. तू कामावर होतीस. बिचारा अर्धा तास नुसता बसून होता, पाणीसुद्धा प्यायला नाही. मग फोनमध्ये एका मुलीचा फोटो दाखवला. म्हणाला, आई, निदान त्या दिवसापुरतं असं काही करता येईल का? आत्यानं त्याच्या डोक्याला भुंगा लावलाय. हे असं डोकं घेऊन आली तर मी बाटल्या परत घेऊन जाईन म्हणाली.

मान्सा: एबो म्हणाला?

आई: आत्या म्हणाली. त्यानं फक्त सांगितलं.

मान्सा: मला का नाही सांगितलं?

आई: तुला दुखवायचं नव्हतं त्याला. चांगला मुलगा आहे गं. म्हणाला, तुम्ही आई आहात, तुम्हाला जमेल. क्रीमही त्यानंच... जाऊ दे.

अराबा: क्रीम त्यानं आणलं?

आई: मी कुठे हिंडणार होते दुकानं शोधत?

मान्सा: तामालेहून शियाचं लोणी आणलं होतं त्यानं माझ्यासाठी. सगळी बस वासावरून भांडली होती त्याच्याशी. माझ्या केसांत हात घालून बसायचा आणि म्हणायचा, इथे बोटं हरवतात माझी. मी म्हणायचे, हरवू देत.

अराबा: मान्सा...

मान्सा: परवा रात्री फोनवर विचारत होता, केस कसे आहेत? मी म्हटलं, आईनं दोरा बांधलाय, बघायचे नाहीत आत्ता. तर हसला. म्हटलं, माझ्याबरोबर हसतोय.

आई: झालं ते झालं. आता उगाळून काय मिळणार? लग्न म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडं वाकावं लागतं.

मान्सा: तो कुठे वाकला? अराबा, कात्री दे.

आई: कात्री कशाला?

मान्सा: हे माझ्या डोक्यावर नकोत.

आई: वेड लागलंय का? शेंडे कापणार असशील तर काप, दोन बोटं.

अराबा: शेंड्यांनी काय होणार, मावशी? मुळापर्यंत गेलेत. ठेवायला एक इंच नाही. कापायचे तर सगळेच.

आई: सगळे? उद्या? ऐक, ऐक माझं. मुंडण केलेली बाई कोण असते? ज्या घरात कोणी मेलंय, तिथली! लोक आत येतील ते सांत्वन करायला लागतील. त्याची आत्या उंबऱ्यातच विचारेल, कोण गेलं म्हणून. मी काय सांगू तिला?

मान्सा: काय सांगायचं ते तू आणि एबो ठरवा. तुम्हाला सवय आहे.

आई: मी पाया पडते तुझ्या.

मान्सा: नको, आई. असं करू नकोस. अराबा, लाव कात्री. कपाळापासून.

अराबा: नक्की ना? लावली की मागे फिरता येत नाही.

मान्सा: लाव.

अराबा: डोळे मीट मग.

मान्सा: नाही मिटत. यावेळी बघणार आहे.

आई: देवा रे... त्या पुढच्या तरी राहू दे. अराबा, तुला माझी शपथ. त्या पुढच्या बटा... केलंस. काय केलंस हे? अगं, उद्या तुला विचारतील. सगळ्यांसमोर विचारतील, घ्यायच्या का बाटल्या? तीनदा विचारतात, मान्सा. तेव्हा तू काय म्हणणार आहेस?

मान्सा: मला माहीत नाही.

आई: माहीत नाही म्हणजे?

मान्सा: सकाळपर्यंत माहीत होतं. आता नाही. खरंच नाही, आई. हलवू नकोस मला, कात्री लागेल.

अराबा: मान खाली घे. हं. अशी. रड, पण डोकं स्थिर ठेव.

आई: तुझा फोन वाजतोय. एबो आहे. घे ना. बोल त्याच्याशी, भांड हवं तर, पण बोल.

मान्सा: तूच घे, आई. खरं काय ते तो तुलाच सांगतो.