टेम्पोची काच

...मग तुम्हीच सांगा, पळालो म्हणायचं का याला? गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच, सूर्यभान तात्या पळाला, तात्या पळाला. अरे, मी लगबगीनं चाललो! सत्तरी उलटलेला माणूस पळेल कसा?

दहावा होता रंगनाथचा, माझ्या जोडीदाराचा, प्रवरेच्या घाटावर. भाषणं झाली, पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. एक म्हणतो नातवाचं लग्न लावू म्हणा, दुसरा म्हणतो बांधाचं भांडण मिटवतो म्हणा, पोरगा वाल्मिक हात जोडून सगळं कबूल करतोय आणि कावळा आपला लांब बसून चोच घासतोय. मी म्हणालो, "व्हा बाजूला. रंगनाथला मी वळखतो. त्याला बिडी पायजे." एक पेटवून ठेवली. नाही. मग तुम्हाला सांगतो, माझी अक्कल... अख्खं बंडल ठेवलं पेटत्या गोवरीवर. धूर निघाला तो सरळ वर उंबरात, आणि तिथं परातीएवढं आग्या मोहोळ!

आता आग्या उठल्यावर काय करायचं, हे या गावाला शिकवलं कोणी? मी. आहात तिथं बसा, डोक्यावरून कापड घ्या, हलू नका, चाळीस वर्षं सांगतोय. माझी बायको मनकर्णा गुडघ्यांनी अधू, पण माझा शब्द मानणारी. हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून बसली जागेवर. आणि मी... मी लगबगीनं चाललो. एक वहाण वाळूत, टोपी पाण्यात, वाल्मिकच्या टेम्पोत शिरलो, काच वर. त्याला पळणं म्हणत नाहीत.

तर काचेवर थाप. शेजारी वाल्मिक, तो म्हणतो, "तात्या, कुनीतरी हाय, उघडा." म्हटलं, उघडलं तर माश्या आत येतील. पुन्हा थाप. आमच्या धापांनी काचेवर वाफ धरलेली. ती हातानं पुसली, पाहिलं, हिरवं लुगडं दिसलं... आणि काय सांगू, दाराचं हँडल घट्ट धरून बसलो. वाल्मिक त्याच्या बाजूनं उतरला, तिला तिकडून आत घेतलं. मला जाताना बघून तीही उठून गुडघे ओढत मागं आलेली.

मला एक माशी चावली नाही. तिला सात. सगळ्या उजव्या हाताला, थाप मारायच्या. घाट रिकामा झाल्यावर कावळा आला, निवांत शिवून गेला.

घरी तिच्या हाताला चुना लावत होतो. म्हणालो, "काचंतनं तू हायेस हे कळलंच न्हाई बग."

ती शांतपणे म्हणाली, "कळलं तुमाला. काच पुसून बघितलं तुमी."

बस. ना रडणं, ना भांडण. भांडली असती तर दोन शब्द वरचढ बोललो असतो, ते मला जमतं. मान खाली घालून चुना लावत राहिलो.

पळालो, तुम्हाला सांगतो. पळालो.

म्हटलं, तुझा हात सुजलाय, चहा मी टाकतो. जन्मात पहिल्यांदा गॅसपुढं उभा राहिलो. पंधरा दिवस झाले, सूज केव्हाच उतरली, चहा अजून मीच करतो... आणि साखर किती टाकायची हे तिला विचारायला तोंड नाही, म्हणून दोघंही बिनसाखरेचा पितो.