पोपटीचा नवा कायदा

— व्हय व्हय, गिरजाबाई मीच, आणि फोन माझ्या सुनेचा, किमयाचा. ती पापड लाटायला गेलीय, पिठाचे हात लागतात म्हणून फोन घरी ठेवते. पण आधी बस तरी, हवालदारा! उभ्या उभ्या काय विचारतोस, पोलिओचा डोस द्यायला आलायस? थांब थांब — नाकावरनं ओळखलं मी. अष्टमी गावच्या विठूचा पोरगा ना रे तू? मग तुला अहोजाहो नाय करणार, सांगून ठेवते.

काय म्हणालास? नव्या कायद्यानं, निरोप पयला कोणी धाडला ते सापडतं? आणि तो आमच्या घरातनं निघाला? बघ, सरकार किती हुशार! माझ्या शेतातल्या वालाच्या शेंगा कोण चोरतं ते मात्र कुणाला सापडत नाय. थंडी पडली की पेणपासून रोह्यापर्यंत सगळी पोरं मडक्यात शेंगा भरून पोपटी भाजतात — आणि शेंगा कुणाच्या? दुसऱ्याच्या! चोरलेल्या शेंगेला गोडी जास्त, तुझ्या बापाला विचार. वर मेले मडक्यासकट फोटो टाकतात स्टेटसला. मग मी काय केलं — मी नाय, समज एका बाईनं — आवाज जाड केला आणि फोनात बोलली, ‘सायबर कायदा बदललाय, आता सरकार सगळ्यांचे फोन आतनं बघणार, ज्याच्याकडे पोपटीचा फोटो सापडेल त्यानं शेंगा कुणाच्या शेतातल्या ते चावडीवर येऊन सांगावं.’ एवढंच! आणि आमच्या निडी गावातल्या गावात धाडला हो, तो पेणला कसा पोचला ते त्याला ठाऊक. सगळ्यांनी फोटो पुसले! माझ्या ओटीवर गोणभर शेंगा कोण ठेवून गेलं, देव जाणे. हसतोस काय? तुझा पण होता की फोटो, मडक्याला मिठी मारलेला. तो कुठं गेला रे?

बरं, नाय हसत. अफवा हाय, गुन्हा हाय — हाय ना? मग मला धर. फोन कशाला नेतोस? तपासायला? आतलं सगळं उघडून? अरे, लाज हाय का नाय! बाईच्या फोनात तिचं माहेर असतं. बहिणीशी, त्या मनस्वीशी, काय काय बोलते ती — ते ठाण्यात चार पुरुषांनी बसून ऐकायचं? कायदा झाला म्हणून काय उंबरा मोडला? दुसऱ्याच्या घरात शिरताना खोकावं, हे माझ्या सासूनं शिकवलं मला. तुमचं सरकार खोकतं का कधी? आणि तुझ्या कामाचं त्यात काय नाय रे, मी सांगते ना — सगळं ऐकलंय मी.

म्हणजे — कानावर पडलं.

कुलूप? हाय की कुलूप. नऊ ठिपके. आता जिनं जन्मभर ठिपक्यांची रांगोळी घातली तिला नऊ ठिपके काय जड? एकदा तिचं बोट फिरताना बघितलं, झालं! वाचायचं म्हणशील तर चौथीत शाळा सुटली माझी, पण ती बोलून पाठवते, ऐकायला कशाला शाळा लागते? ‘पेणला खोली बघितलीय गो ताई,’ म्हणते, ‘नितेशची शिफ्ट तिकडंच हाय,’ — नितेश म्हणजे माझा लेक — ‘पण आईंना सांगू कशी, एकट्या पडतील, रडतील.’ रडतील! मी? मी नाय रडले. मी दुसऱ्या दिवशी कंबर धरून झोपले. आठ दिवस! कंबरेला काय सुद्धा झालं नव्हतं. पोर बिचारी रोज तेल चोळायची, आणि मग खोलीवाल्याला नाय म्हणून कळवलं तिनं — ते पण ऐकलं मी. तेव्हा जरा... जाऊ दे. वाईट वाटलं. पण कंबर लगेच बरी केली असती तर संशय आला असता, नाय का? तर हे असलं सगळं सरकारला कशाला पायजे? घरातलं घरात राहू दे. किमयाला यातलं काय ठाऊक नाय, आणि तुझ्या तोंडून जर —

काय रे? माझ्या मागं काय बघतोस?

...

किमया. कधी आलीस गो? पिशवी ठेव खाली, हात दुखतील. ठेव ना. बोल गो काय तरी.

ऊठ रे हवालदारा. गुन्हा कबूल, आवाज माझाच. तो फोन तिचा तिला दे आणि मला ने. गाडी कुठं लावलीस? अरे काय नुसता बघत बसलायस मेल्या, चल लवकर!