बोंब माझ्या फाइलमध्ये

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मावशींच्या शेजारी एक इंजिनिअर जोडपं लॅपटॉपवर भांडत होतं.

“लिफ्टचा प्रोग्राम कंपाइलच होईना! माझ्या फाइलमध्ये ढीगभर चुका दाखवतोय.”

“मग शोध की.”

“सकाळपासून शोधतेय. माझं सगळं बरोबर आहे. मजल्यांच्या आकड्याऐवजी लिहायला तू तुझ्या फाइलमध्ये मॅक्रो केलास, त्या मॅक्रोचं नाव काय ठेवलंस?”

“नुसतं ‘एन’. लांबलचक नाव कोण टाइप करणार?”

“अरे आळशा, माझ्याकडे जिथे जिथे ‘एन’ आहे, तिथे तुझा आकडा जाऊन बसतोय! चूक तुझी आणि बोंब माझ्या फाइलमध्ये!”

“बरं बाई, बदललं नाव. बघ, झालं कंपाइल. आता तरी हस.”

तेवढ्यात मावशींचा नंबर लागला.

“कुठला दात दुखतोय, मावशी?”

“बोंब हा वरचा मारतोय, डॉक्टर. पण तुम्ही आधी खालचे बघा.”