बेटावरच्या गवताची जुडी

मी मूळची मिरजेची. वडिलांची रोपवाटिका होती, त्यामुळे मोजायची सवय तेव्हापासूनची, अजूनही जिना चढताना पायऱ्या मोजते. लग्नानंतर जर्मनीत, येनाला आले. आता बावन्न वर्षांची आहे, अकरा वर्षं इथल्या एका काचघरात रोपं सांभाळते.

आमच्याकडे एक गवत होतं, होतं म्हणवत नाही हो, आहे म्हणू. लांबच्या समुद्रातल्या एका बेटावरचं, प्रवाळाच्या पांढऱ्या वाळूत, खाऱ्या वाऱ्यात वाढणारं. दिसायला काही नाही, वीतभर. पण बी जिथून आणलं तो किनाराच समुद्रानं गिळला, परत आणणार कुठून? दहा कुंड्या होत्या. पिठ्या ढेकणाच्या किडीनं नऊ खाल्ल्या. उरली एक, तीही आजारी, चौतीस फुटवे, पण तुरे आले होते. बी धरलं असतं तर वाचलं असतं.

काय सांगू तुम्हाला, त्यात गणपतीसाठी नाशिकहून सासूबाई आल्या. त्यांना थंडी सोसेना, म्हणून मी काचघरात उबेला नेऊन बसवलं. हे काय गं, त्या कुंडीकडे बघून त्यांनी विचारलं. माझ्या हातात पाण्याची नळी, घाई, म्हटलं, गवत आहे हो आई. एवढंच म्हटलं. अकरा वर्षं हेच काम करतेय आणि एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीपुढे जुडी. मोजली, एकवीस, तुऱ्यांसकट. आई, ह्या कुठल्या? अगं, तुझ्या काचघरातल्याच, जर्मनीत राहून दुर्वासुद्धा ओळखेनाशी झालीस का? मी जुडीकडे हात नेला. हे म्हणाले, आरती तरी होऊ दे. झाली आरती, मी काय म्हटलं आठवत नाही. मग देवापुढची जुडी उचलली. आई घाबरून बघत राहिल्या, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं.

मुळं फुटतील अशी पेरं चारच काड्यांना होती, बाकी नुसते शेंडे. चारही वाळूत लावल्या. कुंडीतले उरलेले तेरा फुटवे आठवड्यात वाळले.

आमच्या प्रमुख हिल्डेबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, आल्झो, म्हणजे तर मग, देवाला दिलंत. मी म्हटलं, हो.

आई नाशिकला परतल्या. रोज फोन, किती आहेत गं? चार. मग तीन. मग दोन. काल म्हटलं, एक, मूळ अजून नाही. त्या रडल्या, म्हणाल्या, तिला माझा नमस्कार सांग.

सांगते. सकाळी दार उघडलं की आधी नमस्कार सांगते, मग बघते, हिरवी आहे का.