कॅसेट चालू असताना मिक्सर लावायचा नाही

तुम्ही हसाल, पण परवा आमच्या हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या घरात लॅपटॉपपायी चटणी अडली.

बाबांनी तरुणपणी कोठीच्या बाजारातून एक जुना जपानी कम्प्युटर आणला होता. त्यात गेम कॅसेटवरून लोड व्हायचा, आणि मधेच कुणी मिक्सर लावला की लोडिंग बिघडून सगळं पहिल्यापासून; म्हणून तेवढा वेळ मिक्सर बंद, हा बाबांचा हुकूम. तो कम्प्युटर कधीचाच बंद पडला. म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर एम्युलेटर टाकला, म्हणजे तोच कम्प्युटर हुबेहूब. गेम क्षणात उघडला, तर बाबांचं तोंड उतरलं.

“कॅसेटचा आवाज कुठाय रे?”

मग मी सेटिंगमध्ये जाऊन जुना वेग आणि आवाज लावला. चिर्र-किर्र सुरू झालं, बाबा खुशीत खुर्चीला टेकले, आणि स्वयंपाकघरातला मिक्सर एकदम थांबला.

“झालं की सांगा हो, चटणी अर्धीच वाटलीये!” आईनं आतून हाक दिली.

“आई, आता मिक्सरनं काही...” मी ओरडायला लागलो, तोच बाबांनी माझं तोंड दाबलं.

“हौला है क्या रे, वेडा कुठला! अख्ख्या संसारात तिनं माझं ऐकलेलं एवढं एकच आहे!”