उलट्या झडपा

— नाही, नाही. निळा रंग नजर लागू नये म्हणून नव्हे. कुणी सांगितलं तुला हे? तुर्कीने? मालकाच्या त्या पोराने रंगवलं होतं काय ते दार? तो तेव्हा दुपटी ओली करत होता! निळा कशाला, तर या अल सुलैच्या गल्लीच्या टोकाला एका यमन्याचं रंगाचं दुकान होतं, त्याच्याकडे निळ्याचे डबे पडून होते. बोटीला लावायचा निळा — आता या वाळवंटात बोट कोण हाकणार? — तो त्याने आमच्या गळ्यात मारला. झाली तुझी नजर. आणि ते पिवळे त्रिकोण, ज्यांचा तू सकाळपासून अर्थ विचारतेयस, ते म्हणजे कात्रणं. पत्रा कापला की कोपरे उरतात, ते फेकायचे कशाला, म्हणून जोडून शंकरपाळं करायचं आणि दारावर ठोकायचं. शिंप्याकडे चिंध्या उरतात की नाही? तसं. लिही. चिंध्या, असं लिही.

बस त्या डब्यावर, बस. साफ आहे. तुमच्या पुण्यात ज्याला साफ म्हणतात तसा नसेल. नूपुर म्हणालीस ना नाव? म्हणजे बघ, नवरा रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करतो, आणि बायको दम्मामहून चारशे किलोमीटर गाडी पळवून शेताशेतावर दारांचे फोटो काढत फिरते. लोखंडाची दारं! माणसं संपली वाटतं. नाही, चांगलं आहे, मी कशाला हसू? आमच्या म्हसळ्यात एक होता, तो सगळ्यांच्या बकऱ्यांच्या कानांवरच्या खुणा वहीत काढायचा. त्याचं लग्न झालं नाही, एवढंच.

काय म्हणालीस? दोन भावांची? — थांब, हा ग्राइंडर बंद करतो. हां. परत सांग. दोन भाऊ भांडले, भाले घेऊन समोरासमोर उभे राहिले, म्हणून बापाने दारावर दोन भाल्यांची टोकं काढली, टोकाला टोक. आणि दार उघडलं की टोकं लांब जातात, म्हणून पाहुण्यासाठी त्या घराचं दार कायम उघडं. वा! वा रे तुर्की! डोळ्यांत पाणी आणून सांगितलं असेल. तुझ्याही आलं? आलं ना? अगं बाय, तुर्कीच्या बापाला भाऊच नव्हता. पाच बहिणी होत्या, एकेक अशी की भाल्याची गरज नाही.

ते भाले नाहीत. ते शंकरपाळं आहे, उलटं बसलेलं. नीट ऐक, दाराला दोन झडपा. डाव्या झडपेवर अर्धं शंकरपाळं, उजव्यावर अर्धं, दार लागलं की मधोमध पुरं होतं. आता डावी झडप उजवीकडे लावलीस नि उजवी डावीकडे, तर काय होईल? टोकं मधे येतील, पाठी भिंतीकडे जातील. झाले भाले! बिजागऱ्या चुकीच्या कडेला वेल्ड केल्या, बस. मीच केल्या, दुसरं कोण? हा हाशम, चौथी नापास. दार उभं केलं, चार पावलं मागे सरलो नि बघतो तर — या अल्ला. तेवढ्यात माझा कफील आला, अबू तुर्की, तुर्कीचा बाप. वर्कशॉप त्याचं, शेत त्याचं, माझा पासपोर्टही त्याच्याच तिजोरीत. म्हणाला, हे काय? मी म्हणालो, शेख, दम्मामकडे आता अशीच फॅशन आहे. खरंच! तोंडातून निघून गेलं. दम्माम मी तेव्हा बघितलंसुद्धा नव्हतं. तो दाढी कुरवाळत उभा राहिला, उभा राहिला, आणि म्हणाला — माशाल्ला.

हस, हस. अजून पुढे आहे. पंधरा दिवसांत शेजारच्या शेतवाल्याला तसंच पाहिजे. मग त्याच्या मेव्हण्याला. त्या खर्ज रस्त्याला तू एका ओळीत अकरा दारं बघितलीस ना, वहीत काय लिहिलंयस — या भागाची खास शैली? दाखव. हां, खास शैली! माझी चूक आहे ती, अकरा वेळा केलेली. दहा वेळा मुद्दाम.

चुकलो कसा? चुकतो माणूस. ऊन होतं. — नाही, ऊन तर रोजच असतं. विचारतेस म्हणून सांगतो, त्यात काही गोष्टबिष्ट नाही. त्या दिवशी सकाळी गावाहून एकजण आला होता, त्याने कॅसेट आणली. तेव्हा पत्रं कोण लिहिणार, मला वाचायला जड, माझ्या बायकोला, ताजुन्निसाला, लिहायला जड. ती टेपमधे बोलायची नि येणाऱ्याच्या हाती द्यायची. दार लावायच्या आधी पिकअपमधे बसून ऐकली. खुशाली, फणस, विहिरीचा रहाट मोडला, सगळं. मग म्हणाली, आता जोहरा बोलणार. माझी मुलगी. मी आलो तेव्हा पाळण्यात होती, आता तीन वर्षांची. ताजुन्निसा तिला सांगतेय, बोल, अब्बांना सलाम बोल. आणि पोरगी बोलेना. मागे माझा धाकटा भाऊ खोकला, तर ही ओरडली — अब्बा आले! अब्बा आले! — नि धावत गेली, पायांचा आवाज ऐकू येतो. ताजुन्निसाने पटकन बटण बंद केलं. बस. एवढंच. मग मी उतरलो नि बिजागऱ्या वेल्ड केल्या.

तसं तोंड नको करू. लहान पोर, ज्याला रोज बघेल त्याला बाप म्हणेल, त्यात काय? मला रजा मिळालेली होती. हे दार झालं की जा, असं अबू तुर्कीने कबूल केलं होतं, रमझान घरी. पण ती दहा दारं आली ना! तो म्हणाला, हाशम, ही कारागिरी दुसऱ्या कुणाला येत नाही, संपव नि जा. संपवता संपवता अडीच वर्षं गेली. घरी गेलो तेव्हा जोहरा दारामागे लपली. मला चाचा म्हणाली. चाचाला अब्बा नि मला चाचा, हिशेब बरोबर झाला.

कारागिरी! सांग मला, झडप उलटी लावायला काय कारागिरी लागते? कुणीही लावेल. तो केरळवाला रमेश माझ्या शेजारी काम करायचा, त्यालाही आली असती. एक वाक्य पुरे होतं — शेख, ते चुकलं होतं, ही फॅशन नाही. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या नि पासपोर्ट फेकला असता. पण तोवर ते लोक मला मुअल्लिम म्हणायला लागले होते. उस्ताद. शेतवाले गाडीतून उतरून विचारायचे, मुअल्लिम हाशम कुठाय? माझ्या बापालासुद्धा कुणी असं — आणि घरी जाऊन काय ऐकायचं होतं? ती धावणार त्याच्याकडे नि मी बॅग घेऊन उभा. म्हटलं, राहू दे. राहू दे, त्यालाच म्हणू दे अब्बा. असा राग. तीन वर्षांच्या पोरीवर! गाढव नुसता.

नाही, तिला माहीत नाही. तिला माहीत आहे की कफीलने पासपोर्ट दिला नाही. सगळ्यांना तेच माहीत आहे. खोटं कुठे आहे? दिलाच नव्हता त्याने. मागच्या वर्षी ताजुन्निसा गेली तेव्हा जोहरा स्वतः म्हणाली मला, अब्बा, तुमचा काय दोष, तुम्ही कैदेत होतात. तिच्या तोंडाने म्हणाली. भावाची पोरं विचारत नाहीत, पण ही म्हणाली, तिथला इकामा, तो राहायचा परवाना, संपवा नि या, माझ्याकडे राहा. वरची खोली रंगवून घेतलीय. ईद झाली की मी चाललो, कायमचा. शाळेत मास्तरीण आहे ती. वाचते फार, आईवर नाही गेली, बापावर तर नाहीच.

छापणार कुठे तू हे? इंग्रजीत ना? सौदी लोकांसाठी? — मराठीत? कसल्या अंकात?

दिवाळी अंकात.

मॅडम, ती सगळे दिवाळी अंक घेते. शाळेच्या लायब्ररीला येतात, आधी घरी नेते.

खोड ते. चिंध्या राहू दे, यमनी राहू दे, भाऊ नव्हता म्हणालो, तिथपासून खालचं सगळं खोड. नाव बदलून काय होणार? उलट्या झडपा म्हसळ्यातल्या दुसऱ्या कुणी लावल्यात? नाही, ती माफ करेल हे तू मला सांगू नको. तिने माफ केलेलंच आहे, तेच तर! ती माफी परत घ्यायला लावू नको तिला. तू लिही — लिही, मी सांगतो — अबू तुर्कीला एक भाऊ होता. हो, होता, मी बघितलाय त्याला. उंच. डाव्या पायाने लंगडायचा. दोघांचं पाण्यावरून भांडण झालं, भाले निघाले, आणि म्हाताऱ्याने माझ्यासमोर काठीने मातीत टोकं काढून दाखवली, म्हणाला, हाशम, असं दार कर. मी केलं. असंच्या असं केलं, एका इंचाचा फरक नाही. लिहिलंस?

मग जा आता. यल्ला. चहा नाही इथे.